बारा तास कोणत्या वर्षातले?

मार्च संपत आला, ढग जरा वर सरकले आणि छोट्या धावपट्ट्यांवरचं गवत वाळलं की मला फोन येऊ लागतात. बोलणारे बहुतेक आपलेच असतात. कोणी स्टुटगार्टला गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणी म्युनिकला, कोणी फ्रँकफर्टच्या बँकेत. जर्मनीत आल्यावर शनिवार-रविवार फ्लाइंग क्लबात घालवून खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलेलं असतं, पुढे हौसेने मोटर ग्लायडरचं रेटिंगही जोडलेलं असतं. आता दोन वर्षं होत आलेली असतात. प्रश्न एकच, फक्त प्रत्येकाच्या तोंडी वेगळा: "काका, माझे सतरा तास झालेत, तरी इन्स्ट्रक्टर सही देत नाही. असं कसं?"

त्या सतरा तासांचं काय झालं ते पुढे सांगतोच. युरोपीय महासंघातल्या देशांचं लायसन्स तुमच्याकडे असेल, म्हणजे २०११ च्या ११७८ क्रमांकाच्या नियमावलीतल्या 'पार्ट-एफसीएल'खालचं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं जर्मनीतली आहेत, कारण मी तिथे उडतो.

'रिन्यू' हा शब्द जपून वापरा

आपण गाडीचा विमा रिन्यू करतो, पासपोर्ट रिन्यू करतो, म्हणून रेटिंगही 'रिन्यू करायचंय' असं बोलून जातो. इथे मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत संपायच्या आत करतात ते रिव्हॅलिडेशन, म्हणजे मुदतवाढ. मुदत संपल्यावर करतात ते रिन्यूअल. पहिल्यात बहुतेकदा परीक्षा नसते, दुसऱ्यात ती टळत नाही. क्लबात फोन करून "माझं रिन्यूअल आहे" म्हणालात, तर पलीकडचा माणूस तुमची मुदत गेली असं धरून चालतो आणि तुम्हाला एक्झामिनरची वेळ देतो. मुदत शिल्लक असेल तर मुदतवाढच मागा.

संपतं काय, आणि कधी

लायसन्स स्वतः संपत नाही. त्यावर लिहिलेली रेटिंगं संपतात, आणि त्यांच्या भोवतीचे आणखी दोन-तीन कागद आपापल्या तारखा घेऊन बसलेले असतात. लायसन्सची मागची बाजू उघडा आणि या तारखा एका कागदावर उतरवून काढा:

- एसईपी, म्हणजे एका पिस्टन इंजिनाची विमानं (सेसना १७२, पायपर आर्चर वगैरे): २ वर्षं.
- टीएमजी, म्हणजे टूरिंग मोटर ग्लायडर (फाल्के, डिमोना, ग्रोब १०९): २ वर्षं.
- एमईपी, म्हणजे दोन पिस्टन इंजिनांची विमानं: १ वर्ष.
- इन्स्ट्रुमेंट रेटिंग: १ वर्ष.
- नाइट रेटिंग: मुदत नाही.
- क्लास २ मेडिकल: चाळिशीच्या आत ६० महिने, चाळीस ते पन्नास २४ महिने, पन्नाशीनंतर १२ महिने. चाळिशीच्या आधी काढलेलं मेडिकल फार तर बेचाळिसाव्या वाढदिवसापर्यंत चालतं. मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधीपासून नवी तपासणी केली तरी जुन्या मुदतीचा दिवस वाया जात नाही.
- भाषेचा शेरा: चौथ्या पातळीला ४ वर्षं, पाचव्या पातळीला ६ वर्षं, सहाव्या पातळीला मुदत नाही.
- जर्मनीत त्याशिवाय त्स्यूप, म्हणजे हवाई सुरक्षा कायद्याखालची विश्वासार्हता तपासणी: ५ वर्षं. ही आपोआप होत नाही, अर्ज तुम्हीच करायचा. मी तीन महिने आधी करतो. घर बदललं असेल तर आणखी लवकर.

यातली एकही तारीख दुसरीसाठी थांबत नाही. रेटिंग ताजं आणि मेडिकल शिळं, अशा अवस्थेत सकाळी सातला विमानाचं कव्हर काढणारे मी पाहिलेत.

बारा तासांचा हिशेब

एसईपी आणि टीएमजी या दोन्हींना अनुभवावर मुदतवाढ मिळते. मुदत संपण्याच्या आधीच्या १२ महिन्यांत हे सगळं झालेलं हवं:

- एकूण १२ तास उड्डाण
- त्यातले ६ तास मुख्य वैमानिक म्हणून
- १२ टेक-ऑफ आणि १२ लँडिंग
- इन्स्ट्रक्टरबरोबर किमान १ तासाचं उजळणीचं उड्डाण

अडतं ते त्या '१२ महिन्यांत' पाशी. रेटिंग दोन वर्षांचं, पण तास फक्त दुसऱ्या वर्षातले मोजतात. समजा तुमच्या कागदावर ३१ मे २०२७ आहे. तर १ जून २०२६ ते ३१ मे २०२७ एवढाच काळ हिशेबाला. सतरा तासवाल्या तरुणाचं हेच झालं होतं. लायसन्स नवंनवं हातात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तो तेरा तास उडाला. मग बाळ झालं, आईवडील साताऱ्याहून येऊन राहिले, आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम चार तास जमले. सही देणारा इन्स्ट्रक्टर खडूस नव्हता, त्याला चारच तास दिसत होते.

आम्ही फोनवर कॅलेंडर उघडून बसलो. पाच आठवडे हातात, आठ तास हवेत. फ्रँकफर्टजवळच्या एगल्सबाखहून उत्तर समुद्रातल्या नोर्डर्नाय बेटाला सेसना १७२ ने जाऊन-येऊन साधारण साडेचार तास होतात. ती एक सहल. एक तास इन्स्ट्रक्टरबरोबर, कारण तो तासही बारामध्येच धरला जातो. उरलेले अडीच तास संध्याकाळी धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांमध्ये. त्या फेऱ्या तशाही लागणारच होत्या. लांबच्या सहलीत तास भरतात, पण लँडिंग दोनच होतात, आणि मग लोकांचे बारा तास आणि सात लँडिंग असं त्रांगडं होऊन बसतं. चाकं टेकवून लगेच पुन्हा उडालात तरी ते एक लँडिंग धरलं जातं.

तास मोजताना आणखी दोन ठिकाणी चूक होते.

पहिली: विमान उडण्याच्या इराद्याने जागचं हललं तिथपासून उड्डाणानंतर पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ लिहायचा. फक्त हवेतली मिनिटं लिहिणारे उगाच स्वतःचं नुकसान करून घेतात.

दुसरी: दोन मित्र मिळून सहलीला गेले, एकाने नेलं, दुसऱ्याने आणलं. प्रत्येकाच्या लॉगबुकात फक्त आपापला टप्पा येतो. शेजारी बसून नकाशा धरला म्हणून तास मिळत नाहीत, तुम्ही दोघेही वैमानिक असलात तरी.

अल्ट्रालाइट उडवणाऱ्यांसाठी खूशखबर: नेहमीच्या विमानासारखी तीन अक्षांवर चालणारी अल्ट्रालाइट असेल तर ते तास एसईपीच्या बारामध्ये धरता येतात. इन्स्ट्रक्टरबरोबरचा तास मात्र एसईपी विमानातच करा. तिथे वाद घालण्यात शनिवार घालवू नका.

दोन रेटिंगं, एकच बारा

एसईपी आणि टीएमजी दोन्ही असतील तर चोवीस तास लागतात, असा समज घट्ट बसलेला आहे. तो चुकीचा आहे. दोन्ही रेटिंगं असणाऱ्याला बारा तासांची अट कोणत्याही एका वर्गात किंवा दोन्ही मिळून पुरी करता येते आणि त्यावर दोन्हींची मुदत वाढते. सात तास फाल्केवर, पाच सेसनावर, चालतं. सगळे बारा फाल्केवर, तेही चालतं. इन्स्ट्रक्टरचा तासही एकदाच, कोणत्याही एका वर्गात. बहुतेक क्लबांत फाल्के सेसनापेक्षा बरीच स्वस्त पडते, त्यामुळे खिसा पाहून उडणाऱ्यांना ही मोठीच सवलत आहे.

ज्यांनी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर पाहिलेत, त्यांना फाल्के ओळखीची वाटेल: लांब पंख, पोटाखाली मुख्य चाक एकच, दोघं शेजारी शेजारी, पुढे छोटं इंजिन. पण ओळख वाटणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. इथे मला नियमापेक्षा थोडं पुढे जाऊन सांगावंसं वाटतं. कागदावर सगळे बारा तास फाल्केवर चालतात म्हणून दोन वर्षांनी थेट सेसनात बायकामुलांना बसवू नका. नियमही तिथे अडवतोच: प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत त्याच वर्गात ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग झालेली हवीत. बारा तासांना दोन्ही वर्ग एकत्र धरता येतात, या तीन लँडिंगना नाही. फाल्केची तीन लँडिंगं सेसनातल्या प्रवाशाच्या उपयोगाची नाहीत. रात्री प्रवासी न्यायचे आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल, तर त्यातलं एक तरी रात्रीचं हवं.

आता तारखांचा घोळ. टीएमजी बहुधा नंतर जोडलेलं असतं, त्यामुळे दोन रेटिंगांच्या तारखा वेगळ्या असतात. माझी एसईपी ३१ मेची, टीएमजी ३१ ऑक्टोबरची. एका मे महिन्यात इन्स्ट्रक्टरबरोबर तास झाला, त्याने एसईपीवर सही केली, मी आनंदाने घरी. 'दोन्हींची एकदम होते' हे मला तोंडपाठ होतं, पण दुसऱ्या ओळीवर सही मागायची असते हे डोक्यात आलं नाही. ९ नोव्हेंबरला स्वच्छ ऊन पडलं म्हणून फाल्के बाहेर काढली, आणि हँगरच्या दारात एका सत्तरीतल्या सभासदाने सहज माझा कागद मागून पाहिला. चष्मा कपाळावर चढवून त्याने तारखेवर बोट ठेवलं. नऊ दिवस. फाल्के परत आत ढकलली. मग इन्स्ट्रक्टरचं मूल्यमापन, दोन उड्डाणं, एक्झामिनरची चेक, आणि मधे जर्मनीतला अख्खा ओला नोव्हेंबर. काम डिसेंबरात संपलं.

म्हणून तारखा वेगळ्या असतील तर असं करा:

- दोन्ही मुदतींच्या आधीचे १२ महिने कॅलेंडरवर रंगवा. जो काळ दोन्हींना सामाईक आहे, त्यात बारा तास आणि इन्स्ट्रक्टरचा तास बसवा.
- सहीच्या वेळी दोन्ही ओळी तोंडाने सांगा: "एसईपी आणि टीएमजी, दोन्ही."
- पुढेमागे चेक द्यावी लागलीच, तर ती दोन्ही मुदतींच्या शेवटच्या तीन महिन्यांत बसते का पाहा. बसत असेल तर एका चेकवर दोन्हींचं काम होतं.

कोमोच्या तलावावर जाऊन पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं रेटिंग काढून आलेल्या हौशींसाठी: जमीन आणि पाणी असे दोन्ही एसईपी असतील तर तास मिळून मोजता येतात, पण प्रत्येक वर्गात मुख्य वैमानिक म्हणून किमान १ तास आणि ६ टेक-ऑफ व ६ लँडिंग लागतात.

दोन इंजिनं असतील तर

एमईपीला अनुभवावर मुदतवाढ नाही. दर वर्षी, मुदत संपण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत, एक्झामिनरबरोबर प्रोफिशियन्सी चेक द्यावीच लागते. त्याशिवाय त्या वर्षात त्या वर्गात १० प्रवासटप्पे, किंवा एक्झामिनरबरोबर एक टप्पा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल तर दोन्हींची चेक एकाच उड्डाणात जोडून घ्या. वेगवेगळ्या दिल्या तर विमानाचं भाडं दोनदा भराल.

एमईपीचे तास एसईपीच्या बारामध्ये धरत नाहीत. पण एमईपीची चेक पास झालात, तर एसईपीसाठी लागणारा इन्स्ट्रक्टरचा एक तास माफ होतो. दुसऱ्या कुठल्याही वर्गाच्या विमानाची चेक किंवा स्किल टेस्ट पास झाली तरी ही सवलत आहे. 

चेक द्यायची की तास भरायचे?

तास कमी पडत असतील तर एसईपी आणि टीएमजीसाठीही शेवटच्या तीन महिन्यांत चेक देण्याचा पर्याय आहे. काहींना तोच सोपा वाटतो: बारा तासांचं भाडं कशाला, एक तास एक्झामिनरबरोबर आणि झालं. वर्षभर उडालाच नसाल तर हा हिशेब फसवा आहे. चेकपूर्वी सराव करावाच लागेल, आणि शिवाय:

- चेक तीन महिन्यांहून आधी दिलीत तर नवी मुदत चेकच्या तारखेपासून मोजतात. जुनी उरलेली बुडते.
- चेकमध्ये नापास झालात तर मुदत शिल्लक असली तरी त्या क्षणापासून ते रेटिंग वापरता येत नाही. पास होईपर्यंत जमिनीवर.

इन्स्ट्रक्टरबरोबरचा तास मात्र प्रशिक्षण आहे, परीक्षा नाही. त्यात नापास असं काही नसतं. म्हणूनच त्या तासात तुम्हाला नीट न येणारं काम काढा: आडवा वारा, इंजिन बंद पडल्याचा सराव, वेग घटवून विमान स्टॉल होऊ देणं. मी दर वेळी एक लहान, अनोळखी धावपट्टी मागून घेतो.

चेकमध्ये गडबड झाली तर गप्प बसून घरी येऊ नका. निकाल काय, कुठे कमी पडलात, आणखी कोणतं प्रशिक्षण लागेल आणि अपील कसं करायचं हे सांगणं एक्झामिनरचं कर्तव्य आहे. सांगितलं नाही तर विचारा. आपल्याकडे 'सरांना कशाला उलट विचारायचं' ही सवय शाळेपासून अंगात मुरलेली असते, इथे ती बाजूला ठेवा.

सुट्टीत स्पेनला किंवा इटलीला उडायला गेलात आणि तिथेच चेक उरकायची असेल, तर एक्झामिनरला आधी कळवा की लायसन्स जर्मनीचं आहे. ज्या देशाचं लायसन्स, त्या देशाच्या कार्यपद्धती त्याने वाचलेल्या असाव्या लागतात.

मुदत गेलीच तर

आधी उडणं थांबवा. 'इतकी वर्षं उडतोय, आठवड्याने काय बिघडतं' हे विमा कंपनीसमोर टिकत नाही, आणि कायद्यासमोर तर नाहीच. मग:

- प्रशिक्षण संस्था किंवा क्लबाची प्रशिक्षण शाखा गाठा. साध्या एसईपी किंवा टीएमजीची मुदत जाऊन ३ वर्षांपेक्षा जास्त झाली नसतील, तर एकट्या इन्स्ट्रक्टरकडेही हे काम होतं.
- तो तुमचं लॉगबुक पाहील आणि किती उजळणी हवी ते ठरवेल. तासांचा ठरलेला आकडा नाही. दोन महिन्यांचा खंड पडलेल्याला एखादी फेरी पुरते, चार वर्षं न उडालेल्याला कित्येक उड्डाणं लागतात.
- कागदावर त्याचा शेरा घ्या.
- एक्झामिनरबरोबर चेक द्या.

"पाच तास केल्याशिवाय कुणाचंच होत नाही" असं सरसकट सांगणारी जागा भेटली, तर तुमच्या बाबतीत पाच का, ते विचारा आणि दुसरीकडेही चौकशी करा. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला मात्र एक बाहेरची भिंत आहे: मुदत जाऊन ७ वर्षं उलटली की लेखी परीक्षा आणि स्किल टेस्ट, दोन्ही नव्याने.

अमेरिकेहून किंवा ब्रिटनहून आलेल्यांसाठी

फ्लोरिडात लायसन्स काढून इकडे आलेल्यांची सवय वेगळी असते. अमेरिकेत दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर एक फ्लाइट रिव्ह्यू, किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. इथल्या लायसन्सला तो लागू नाही. बारा तासांची अट त्या तिकडच्या सहीने भागत नाही.

ब्रिटनचं लायसन्स १ जानेवारी २०२१ पासून वेगळं झालं. स्लाउमध्ये राहताना काढलेलं ब्रिटिश आणि नंतरचं युरोपीय अशी दोन लायसन्स ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी तास एकदाच उडावेत. ते दोन्हीकडे दाखवता येतात. सह्या मात्र दोन लागतात, आणि प्रत्येक सही त्या त्या व्यवस्थेत मान्यता असलेल्या माणसाची.

टेबलावरून उठण्याआधी

प्रत्येक इन्स्ट्रक्टरला लायसन्सवर मुदतवाढीची सही करण्याचा अधिकार नसतो. त्यासाठी त्याला विमान प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते, नसेल तर एक्झामिनर गाठावा लागतो. हे तास उडण्याआधी विचारा, नंतर नाही. सही झाल्यावर कागद स्वतःकडे ओढा आणि वाचा: रेटिंगचं नाव, नवी तारीख, सही, सही करणाऱ्याचा क्रमांक. मागे जागा संपत आली असेल तर नवा कागद लगेच मागवा. मग फोटो काढून क्लबात विमानांच्या आरक्षणाचं काम पाहणाऱ्याला पाठवा. अनेक क्लबांत यंत्रणेत जुनी तारीख राहिली तर आरक्षण होत नाही, आणि हे नेमकं रविवारी सकाळी कळतं.